कुलुपातला द्राक्षारस

माझं पोट संशयावर चालतं. ओझरच्या पुढे द्राक्षांचं एक पॅकहाउस आहे, तिथे मी माल तपासते. हंगामात सकाळपासून क्रेटमागून क्रेट समोर येतात. वरचे घड असे टपोरे, की बघणाऱ्यानं वा म्हणावं. मी वा म्हणत नाही. घड उचलते, उलटा करते, दांड्याशी बोट घालते, आणि आत एखादा मणी पिचका निघाला की घड बाजूला. शेतकरी समोर उभा असला तर चिडतो, पण त्याला मी काय करू? वणीकडची एक बाई माझ्या शेजारच्या टेबलाला असते. ती एकदा म्हणाली, “ताई, तुमच्या हाती देव जरी दिला ना, तरी तुमी त्यो उलटा करून बघाल.” टेबलावरच्या सगळ्या हसल्या. मीही हसले, पण ते वाक्य काही मला सोडून गेलं नाही.

घरी आल्यावर हात धुतले जातात, स्वभाव धुतला जात नाही. दूधवाला मापात मारतो, रिक्षावाला मुद्दाम लांबून नेतो, चर्चमध्ये फार मोठ्यानं प्रार्थना करणाऱ्याच्या घरी नक्की काहीतरी बिनसलेलं असतं, अशी माझी पक्की मतं आहेत. आणि गेल्या पावसाळ्यानंतर माझा धाकटा भाऊ पिशवी घेऊन माझ्या दारात उभा राहिला, तेव्हा त्याचा चेहरा पाहायच्याही आधी मी त्याचा वास घेतला.

तो एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंत्राटदाराकडे कामाला होता. दारूपायी काम गेलं, संसार त्याच्याही आधी गेला होता. “ताई, सोडलीये,” तो म्हणाला. हे मी पूर्वीही ऐकलं होतं. पण नवरा गेल्यापासून नाशिकरोडच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघरात मी एकटीच होते, मुलगी पुण्याला. भावाला दारातून परत पाठवणं मला जमलं नाही. आत ये म्हटलं. पुढच्या खोलीत त्याला गादी घालून दिली, आणि त्याच दिवशी न्हाणीघरातली खोकल्याच्या औषधाची बाटली उचलून माझ्या कपाटात ठेवली.

माझा संशय उगाच नव्हता. बऱ्याच वर्षांपूर्वी, आई असताना, नाताळच्या उपासनेला हा पिऊन आला होता. आमच्याकडे प्रभुभोजनाला वेदीपुढच्या कठड्याशी ओळीनं गुडघे टेकायचे असतात. पाळक आधी भाकरीचा तुकडा देतात, मग एकच प्याला सगळ्यांना फिरतो. प्रत्येकानं एक घोट घ्यायचा. प्रभूचा देह, प्रभूचं रक्त, असं आम्ही मानतो, आणि मनात खोट ठेवून जो घेतो तो आपल्या हातानं आपल्यावर न्याय ओढवून घेतो, असंही मानतो. हा झुलत झुलत येऊन आईच्या शेजारी टेकला. प्याला हातात आला, तर त्यानं तो एका दमात रिकामा केला, आणि पाळकांकडे परत देत विचारलं, “अजून आहे का?”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. पाळक इतके गोंधळले, की तोच रिकामा प्याला त्यांनी आईपुढे धरला. आईनं तो घेतला, ओठांना लावला आणि परत दिला. त्यातला द्राक्षारस तिनंच केलेला होता. चर्चसाठी द्राक्षारस करायचं काम आमच्या घराकडे आहे, आधी आईकडे, आता माझ्याकडे. तो रिकामा प्याला तोंडाला लावतानाची आई मी विसरलेले नाही. त्या दिवसापासून चर्चच्या पंचांनी भावाला प्रभुभोजन बंद केलं.

आई जाताना शुद्धीवर होती. मरणाची तिला भीती नव्हती. गावाला जायचं असल्यासारखी ती बोलायची. मला म्हणाली, “एसटीत रुमाल टाकतात ना, तशी तिथल्या मेजावर मी तुम्हा दोघांची जागा धरून ठेवते. त्याला घेऊन ये. एकटी आलीस तर मी विचारीन, तो कुठंय?”

आईनं हे माझ्या गळ्यात घातलं आणि स्वतः मोकळी झाली. मला अनंतकाळाचं फार कळतं असं नाही. इथलं आयुष्य थोडं आणि तिथलं न संपणारं, हे लहानपणापासून ऐकत आले, आणि ते खरं धरूनच जगते. म्हणून तर माल तपासताना ओळखीच्याचा घड असला तरी सोडत नाही. पण तिथं आईसमोर एकटीनं जाऊन उभं राहायचं, ह्याची मात्र मला भीती वाटते, अजूनही.

तर यंदा ईस्टरच्या आधीचा उपासकाळ सुरू झाला आणि भाऊ आपणहून पाळकसाहेबांकडे गेला. हे पाळक नवे, वयानं आमच्यापेक्षा लहान. त्यांनी मला गाठलं. “ताई, त्यांना पवित्र गुरुवारी प्रभुभोजनाला बसायचंय. पंच म्हणतात, घरच्या माणसानं साक्ष द्यावी. तुमच्याइतकं जवळून त्यांना कोण बघतंय?”

जवळून बघत होते, हे खरंच. तो अंघोळीला गेला की मी खुंटीवरचा त्याचा शर्ट हुंगायची. शर्टाला साबणाचा आणि घामाचा वास. मग तो दिवसभर लवंग का चघळतो? लवंग कशासाठी चघळतात ते काय मला ठाऊक नाही? विचारलं तर म्हणाला, “तोंडाला काहीतरी चाळा लागतो गं.” आणि दुधाचं काय? डेअरी आमच्या गल्लीच्या तोंडाशी, चालत गेलं तर चहाला आधण येईपर्यंत माणूस परत यावा. हा संध्याकाळी दुधाला जायचा तो अर्ध्याअर्ध्या तासानं यायचा, तेही उलट्या बाजूनं, रेल्वे लाइनीकडून. एकदा मी पिशवी घेऊन लांबून त्याच्या मागे गेले. तो आमच्या गल्लीतून न जाता मागच्या बोळात शिरला, शाळेला वळसा घातला आणि लाइनीच्या कडेकडेनं डेअरीकडे निघाला. कुठे थांबला नाही, कुणाशी बोलला नाही. मी मात्र खात्रीनं घरी आले, की ह्यात काहीतरी आहे. सरळ मनाचा माणूस सरळ रस्त्यानं जातो, वळसा कशाला घालेल?

ह्या सगळ्यात द्राक्षारसाची वेळ आली. आमच्या पॅकहाउसमध्ये काळ्या द्राक्षांचे गळलेले मणी स्वस्तात मिळतात. आईची पद्धत ठरलेली होती. मणी निवडायचे, धुवायचे, साखर घालून चांगले खळखळ उकळायचे, कुस्करायचे, पातळ फडक्यातून गाळायचे, पुन्हा एक कढ आणायचा आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवायची. हे सगळं उपासनेच्या आदल्या दिवशी. पण यंदा हंगाम जोरात होता, मधल्या दिवशी सुट्टी मिळायची नाही, म्हणून मी चार दिवस आधी, झावळ्यांच्या रविवारीच चर्चमधून आल्यावर पातेलं चढवलं. गाळून झाल्यावर दुसरा कढ काढला नाही, दमले होते. बाटली भरली, झाकण घट्ट फिरवलं, आणि फ्रिजच्या दारात ठेवायला गेले तर भाऊ तिथेच उभा राहून पाणी पीत होता.

त्यानं बाटलीकडे पाहिलंसुद्धा नाही. तेच मला खुपलं. एवढी मोठी बाटली समोरून गेली आणि ह्याचं लक्ष नाही, असं कसं होईल? मी बाटली तशीच माझ्या खोलीत नेली, कपाटात साड्यांच्या मागे, खोकल्याच्या औषधाशेजारी उभी केली. रस आहे, दारू नाही, हे मला कळत होतं. पण एकदा ह्यानं तो प्याला रिकामा केलेला मी पाहिला होता. पुन्हा ती संधी मी कुणाला देणार नव्हते.

एप्रिलचं ऊन तुम्हाला सांगायला नको. आमच्या खोल्या वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब. दुपारी कपाटाच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसायचा.

बुधवारी मी कामावरून आले तर भाऊ जेवताना म्हणाला, “ताई, तुझ्या खोलीत काही सांडलंय का गं? आंबल्यासारखा वास येतोय.”

“तू माझ्या खोलीत कशाला गेला होतास?”

“पंख्याचं बटण बंद करायला. तसाच चालू राहिला होता.”

“आणि वास घ्यायला थांबलास होय?”

त्यानं पानातलं जेवण खाली मान घालून संपवलं. मी खोलीत गेले, कपाट उघडलं. डांबरगोळ्यांच्या वासापलीकडे मला काही आलं नाही. बाटली होती तशी भरलेली, झाकण घट्ट. म्हणजे प्यायला नाही, पण शोधतोय. मी कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली मंगळसूत्राच्या जागी घालते त्या साखळीत अडकवली.

मग पाळकसाहेबांचा फोन आला, साक्ष मागायला. मी गॅलरीत जाऊन हळू आवाजात म्हटलं, “मी हो म्हणत नाही.”

“म्हणजे ते पितात?”

“तसं काही सापडलं नाही. पण हो म्हणायला जीभ उचलत नाही, पाळकसाहेब. खोटं निघालं तर? मी फसले तर फसले, पण त्यानं खोटेपणानं प्याला घेतला तर त्याच्या जिवाचं काय होईल? आईला मी काय सांगू?”

ते म्हणाले, “असं करू. मी त्यांना बसू देतो. तुम्ही त्यांच्या शेजारी टेका.”

म्हणजे शेवटी जबाबदारी माझ्याच गळ्यात. मला राग आला, पण गुरुवारी संध्याकाळी मी बाटली कुलुपातून काढली, पिशवीत गुंडाळली आणि चर्चच्या शिपाईमामांच्या हाती दिली. भाऊ इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून शेजारी उभा होता. लवंग थुंकून आला होता.

गुरुवारची उपासना आमच्याकडे शांत असते. वेदी झाकलेली, दिवे मंद. पाळकांनी आधी स्वतः प्याला घेतला. घोट घेतल्यावर त्यांच्या कपाळाला आठी पडली. साखर कमी झाली की काय, मला वाटलं. पहिल्या ओळीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी घोट घेऊन पदरानं तोंड पुसलं, नको इतका वेळ पुसलं. आंबट लागला असेल, मणी जरा कच्चेच होते.

मग आमची ओळ. मी टेकले, माझ्या डावीकडे भाऊ. त्यानं दोन्ही हात पुढे करून भाकर घेतली. मान वर केली नाही, ते मी टिपून ठेवलं. प्याला आला. पाळकांनी तो त्याच्या तोंडाशी नेला, आणि त्यानं एकदम मान मागे घेतली. तळहात ओठांवर धरला आणि डोकं हलवलं, नाही.

पाळक थांबले. त्यानं पुन्हा डोकं हलवलं आणि कपाळ कठड्याला टेकवलं. मागच्या बाकांवर कुजबुज झालेली मला ऐकू आली.

मला काय वाटलं ते जसंच्या तसं सांगते. मला सुटल्यासारखं वाटलं. बघा, म्हटलं, मी म्हणत नव्हते? मन खात होतं म्हणून घेतला नाही. निदान खोटेपणानं तरी घेतला नाही. लवंग, वळसा, बुधवारचा वास, सगळं माझ्या मनात झरझर जुळत गेलं. तोवर प्याला माझ्यासमोर आला होता. मी घोट घेतला.

जिभेवर चुणचुण झाली. रस नुसता आंबट नव्हता, त्याला फेस होता, आणि गिळल्यावर घशात ती ऊब उतरली. आमच्या पॅकहाउसमागे टाकलेल्या मण्यांच्या ढिगावर जो वास घुमतो, तोच. साड्यांच्या मागे, तापलेल्या पत्र्यात, घट्ट झाकणाखाली, कुलूप लावून, मी प्रभूच्या मेजासाठी दारू पिकवली होती. दिवसभर घड हुंगणाऱ्या मला ते कळलं नाही. त्याला प्याला ओठांशी यायच्या आधी कळलं.

आणि त्याला ती घेता आली असती. हा विचार मला कठड्याशीच आला आणि मी तशीच टेकून राहिले. सगळ्या मंडळीसमोर, पाळकांच्या हातून, आशीर्वादासकट एक घोट त्याला मिळत होता. त्याला कुणी नाव ठेवलं नसतं. कुणाला कळलंही नसतं.

उपासना सुटल्यावर बाहेर पायऱ्यांवर माणसं रेंगाळत होती, आमच्याकडे बघत नाही असं दाखवत बघत होती. त्या म्हाताऱ्या बाई माझ्या कानाशी आल्या. “प्याला टाळला हो त्यानं. मनात काहीतरी असणार.” तेवढ्यात पाळकसाहेब आले. त्यांनी काही विचारायच्या आधी भाऊच म्हणाला, “माफ करा, पाळकसाहेब. माझीच तयारी कमी पडली.”

मी त्याच्याकडे बघत राहिले. तो मला पाठीशी घालत होता. इतक्या वर्षांनी मेजाशी बसायला मिळालं होतं, ते पुन्हा जाणार हे कळत असूनही. मी गप्प राहिले असते तर पंचांनी तेच धरलं असतं, त्यानंही तेच धरू दिलं असतं, आणि तो पुन्हा त्या कठड्याशी आला नसता.

“तयारी नाही,” मी म्हटलं. आवाज नको तितका मोठा निघाला. “रस आंबला होता. दारू झाली होती त्याची. मी केली. चार दिवस कपाटात लपवला होता, वर कुलूपही लावलं.”

“कुलुपात?” पाळकसाहेब म्हणाले. “का?”

“हा पिईल म्हणून.”

म्हाताऱ्या बाईंनी पुन्हा पदर तोंडाला लावला. भावानं चपला शोधल्या, पायात घातल्या आणि म्हणाला, “चल ताई, घरी जाऊ.” पाळकसाहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून एवढंच बोलले, “पुनरुत्थानाच्या रविवारी या. भाकर घेतलीत, आज तेवढं पुरे.”

आम्ही चालत निघालो. गल्लीचं वळण आलं तसा तो सवयीनं मागच्या बोळाकडे वळला. ह्या वेळी मी विचारलं, “इकडून का रे?”

“सरळ गेलं की दुकान लागतं ना.”

दारूचं दुकान. डेअरीच्या अलीकडे, लोखंडी जाळीचं. मी रोज त्याच्या समोरून जाते आणि ते मला दिसत नाही. मी त्याच्याबरोबर शाळेला वळसा घातला, लाइनीच्या कडेनं चालत राहिले. मग तोच बोलला.

“बुधवारी मी तुझ्या कपाटासमोर उभा होतो, ताई. बराच वेळ. वास कसला ते मला कळलं होतं, आत काय आहे ते माहीत नव्हतं. हँडलला हात लावला होता. मग बाहेर येऊन बसलो आणि तू आल्यावर तुला सांगितलं. तू कुलूप लावलंस, मला बरं वाटलं.”

म्हणजे संशय अगदीच फुकट गेला नव्हता. माझ्यातली माल तपासणारी बाई लगेच मान वर काढते, तिला तेवढंच हवं होतं. पण त्यानं सांगितलं होतं, आणि मी ऐकलं नव्हतं, हेही तितकंच खरं. मी म्हटलं, “चुकलं माझं.”

“असू दे.” मग तो हसला. “मला एक सांग, वर गेल्यावर काय करणार तू? दारात उभी राहून एकेकाचा वास घेणार का?”

“घेईन. तुझा आधी.”

“घे. मी थांबीन तोवर.”

शुक्रवारी सकाळी उठले तर माझ्या खोलीच्या दाराला त्याचा आदल्या दिवशीचा पांढरा शर्ट अडकवलेला होता. म्हणजे ते हुंगणं त्याला पहिल्यापासून माहीत होतं. मला इतकी लाज वाटली, की शर्ट तसाच बादलीत टाकला. हुंगला नाही असं मी म्हणणार नाही.

शनिवारी मी रजा टाकली. नवे मणी आणले, आईच्या पद्धतीनं खळखळ उकळले, गाळले, दुसरा कढ काढला. तो दाराशी उभा होता. मी पातेल्यातला एक चमचा त्याच्या नाकाशी धरला, हे धाडस मी का केलं मला माहीत नाही. त्यानं डोळे मिटून वास घेतला. “गोड आहे,” तो म्हणाला. “पण बाटली फ्रिजमध्ये ठेव हं. मी रात्री पुढच्या खोलीचं दार लावून घेईन.” बाटली फ्रिजमध्ये ठेवली. त्या रात्री मला झोप लागली नाही, हेही खरं. सकाळी जाऊन पाहिली तर होती तशी होती.

रविवारी सूर्य उगवताना उपासना होती. आम्ही पुन्हा शेजारी टेकलो, ह्या वेळी पहिल्याच ओळीत. त्यानं भाकर घेतली. प्याला त्याच्या हातात दिला गेला. मागच्या बाकांवरच्या माना उंचावल्या, कारण तो पूर्वीचा नाताळ पाहिलेले बरेच जण तिथे होते. त्यानं ओठ लावले. मला त्याच्या गळ्याची घाटी एकदाच हललेली दिसली. मग पाळकांनी प्याला घेतला, कड पुसली आणि माझ्यासमोर धरला.

मी सवयीनं आत डोकावून पाहिलं. आईपर्यंत त्याच्याकडून तो रिकामा आला होता. माझ्यापर्यंत तो जवळजवळ भरलेलाच आला.